ईमेल एक, लायब्रऱ्या अनेक

१. साधा प्रश्न

प्रोग्रामिंग नव्याने शिकणाऱ्याचा पहिला मोठा गोंधळ बहुतेक वेळा एका किरकोळ कामापाशी होतो: आपल्या प्रोग्राममधून कुणाला तरी ईमेल पाठवायचा असतो. हे काम मुळापासून स्वतः करत बसायचे नाही, त्यासाठी लायब्ररी घ्यायची, एवढे त्याला कुणीतरी सांगितलेले असते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून, तपासून ठेवलेला प्रोग्रामचा भाग. चकलीसाठी धान्य भाजून दळण्यापेक्षा तयार भाजणी आणावी, तसा. ओपन सोर्स लायब्ररी असली तर भाजणीचे प्रमाणही पाकिटावर छापलेले असते, आणि ते बदलून आपले नवे पाकीट काढायला कुणाची हरकत नसते. आता हा विद्यार्थी दुकानात जातो आणि फळीवर भाजणीची दोन डझन पाकिटे बघतो. सगळ्यांची नावे जवळपास सारखी, सगळ्यांवर ‘चकलीसाठी’ असेच लिहिलेले. तो विचारतो, आणि रास्तच विचारतो, की एका कामासाठी इतक्या लायब्रऱ्या कशाला? सगळ्यांनी मिळून एकच चांगली का नाही केली?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला पर्लइतकी चांगली भाषा दुसरी नाही. लॅरी वॉल यांनी पर्ल १९८७ मध्ये आणली, आणि १९९५ मध्ये तिच्या लायब्रऱ्यांचे सामाईक कोठार सुरू झाले. त्याचे नाव सीपॅन. पर्लमध्ये लायब्ररीला मॉड्यूल म्हणतात. या कोठारात मॉड्यूल ठेवायला खाते उघडावे लागते, पण तुमचे मॉड्यूल हवे की नको याचा निवाडा करणारे कुणी बसलेले नसते. त्यात ‘एक काम करायच्या वाटा अनेक असतात’ हे या भाषेचे ब्रीदच. साहजिकच ईमेलच्या मॉड्यूलांची तिथे दाटी झाली. या दाटीला वाया गेलेली मेहनत म्हणायची पद्धत आहे. मला तो निष्कर्ष चुकीचा वाटतो. मॉड्यूले एकमेकांवर येतात, कारण ज्याला आपण ईमेल म्हणतो ती एकच एक वस्तू नाही. नुकसान होते खरे, पण ते दुसऱ्या ठिकाणी होते. ते ठिकाण दिसायला आधी ईमेल उघडून बघावा लागेल.

२. ईमेल आतून

ईमेल आतून साध्या मजकुराची फाइल असते. वर हेडर: कुणाकडून, कुणाला, तारीख, विषय, प्रत्येकाची वेगळी ओळ. मग एक रिकामी ओळ. तिच्याखाली मजकूर. आंतरदेशीय पत्रात पत्त्याची बाजू आणि लिहायची बाजू यांमध्ये जी घडी असते, तिचे काम ही रिकामी ओळ करते. ही रचना ऑगस्ट १९८२ मधल्या आरएफसी ८२२ या दस्तऐवजाने पक्की केली. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यांत लिहिले जातात ती क्रमांकवार टिपणे. त्या नियमात अक्षरे होती फक्त १२८. इंग्रजी वर्णमाला, आकडे, विरामचिन्हे आणि काही न दिसणाऱ्या खुणा एवढ्यात तो संच संपला. चित्राला, आवाजाला आणि देवनागरीला त्यात जागाच नव्हती.

१९९२ मध्ये माइम हा नवा नियम आला. त्याने जुनी चौकट मोडली नाही, तिच्या आत खण पाडले. एका खणात मजकूर, दुसऱ्यात फोटो, तिसऱ्यात आणखी एक अख्खा ईमेल, आणि त्या ईमेलला पुन्हा स्वतःचे खण. शिवाय १२८ अक्षरांबाहेरचे सगळे त्या १२८ मध्येच कसे लिहायचे, याची युक्ती दिली. तिला बेस-६४ म्हणतात. संगणकात प्रत्येक गोष्ट बाइटांत साठवलेली असते आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. तीन बाइट घ्यायचे, त्यांचे २४ बिट सहा-सहाच्या चार गटांत वाटायचे, आणि प्रत्येक गटाला ६४ ठरलेल्या चिन्हांपैकी एक द्यायचे. तीन बाइटांची चार चिन्हे होतात, म्हणून जोडलेली फाइल वाटेत तिसऱ्या हिश्शाने फुगते.

आता हे विषयाच्या ओळीवर करून बघू. यूटीएफ-८ या चालू पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. व्यंजन, मात्रा आणि हलंत ही सगळी वेगवेगळी चिन्हे धरायची. ‘मराठी’ म्हणजे म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी: पाच चिन्हे, १५ बाइट, बेस-६४ मध्ये २० चिन्हे. हे गुंडाळताना ‘पुढचे यूटीएफ-८ आहे, बेस-६४ ने लिहिले आहे’ असे सांगणारे वेष्टन आणखी १२ चिन्हे खाते, आणि अख्ख्या पुडीची मर्यादा आहे ७५. वेष्टन वजा जाता उरली ६३. बेस-६४ चारच्या पटीत चालते, म्हणून ६०. म्हणजे एका पुडीत ४५ बाइट, देवनागरीची बरोबर पंधरा चिन्हे.

‘उद्याची बैठक रद्द’ हा विषय घ्या. पहिल्या शब्दात सात चिन्हे, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात चार, एकूण पंधरा. तीन गुणिले पंधरा ४५ बाइट, आणि शब्दांमधली जागा. तीही पाठवावी लागते. अशा जागा दोन आहेत आणि प्रत्येकीचा एक बाइट, म्हणजे एकूण ४७. पुडी दोन बाइटांनी भरून वाहते. आता मॉड्यूल लिहिणाऱ्याने फक्त बाइट मोजले असतील तर तो ४५ वर कात्री चालवेल. शेवटच्या ‘द’ चा एक बाइट पहिल्या पुडीत राहील आणि दोन दुसऱ्या पुडीत जातील. पलीकडचा प्रोग्राम प्रत्येक पुडी स्वतंत्र उलगडत असेल तर त्या ‘द’ च्या जागी प्रश्नचिन्हांचे चौकोन दिसतील. नियमाने अक्षर असे मधोमध तोडायला बंदी आहे. पण इंग्रजी विषयांवर मॉड्यूल तपासणाऱ्याला ही चूक वर्षानुवर्षे भेटतच नाही. मराठीत लिहिणाऱ्याला ती पहिल्या दिवशी भेटते.

हा सगळा खटाटोप विषयाच्या एका ओळीचा. असे डझनभर कोपरे ईमेलमध्ये आहेत, आणि कुठल्या कोपऱ्याकडे आधी बघायचे यावर प्रत्येक मॉड्यूलचा आकार ठरला.

३. प्रत्येकाने वेगळा ईमेल पाहिला

पर्लमधली जुनी जोडणी म्हणजे मेल-टूल्स. तिच्या लेखी ईमेल म्हणजे हेडर आणि त्याखाली ओळींची रांग. १९८२ चा नियम जसाच्या तसा. माइमचे खण तिला ठाऊक नव्हते, म्हणून माइम-टूल्स आले. ते मेल-टूल्सच्याच पायावर उभे राहिले आणि आलेला ईमेल खण न् खण उलगडू लागले. मोठी जोडपत्रे संगणकाच्या स्मृतीत मावणार नाहीत या काळजीने ते उलगडलेले भाग मुळात डिस्कवर फाइल म्हणून ठेवते. काळजी योग्यच होती. पण ज्याला फक्त ‘तुमची नोंदणी झाली’ अशा दोन ओळी पाठवायच्या आहेत त्याच्यासाठी हे फार झाले. त्याच्यासाठी माइम-लाइट निघाले: ईमेल फक्त तयार करणारे, वाचण्याच्या भानगडीत न पडणारे, इतर मॉड्यूलांवर फारसे न विसंबणारे. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. माइम-टूल्स आणि माइम-लाइट ही दोन्ही मॉड्यूले मुळात एकाच माणसाने लिहिली. ‘प्रत्येकाला आपले नाव लावायचे असते म्हणून लायब्रऱ्या वाढतात’ हा आरोप नेहमी होतो, पण स्वतःशीच स्पर्धा करायला कुणी दुसरे मॉड्यूल लिहीत नाही. वाचणे आणि लिहिणे ही दोन कामे आहेत, हे त्याने दोन्ही हातांनी करून पाहिले होते.

वाचणे आणि लिहिणे इतके वेगळे का? लिहिणाऱ्याला नियम काटेकोर पाळता येतो, कारण कागद त्याच्या हातात असतो. वाचणाऱ्यापुढे जगभरच्या चुका येतात: तारीख उलटी, वेष्टन अर्धवट, खणाची शेवटची खूण गायब. लिहिणारे मॉड्यूल जितके कडक तितके चांगले. वाचणारे तितके कडक असले तर निम्मी टपाल परत पाठवत बसेल. एकाच मॉड्यूलला कडकही राहा आणि सैलही राहा असे सांगितले, की ते आतून फाटायला लागते.

मग मार्क ओव्हरमीर यांचे मेल-बॉक्स आले. त्यांच्या दृष्टीने ईमेल एकटा नसतोच, तो पेटीत असतो. पेटी कधी एकाच लांबलचक फाइलची, कधी प्रत्येक पत्राला वेगळी फाइल असलेली, कधी दूरच्या सर्व्हरवरची. हजारो पत्रांची पेटी उघडताना सगळी पत्रे एकदम वाचायची नाहीत, जे लागेल तेवढेच उलगडायचे, हा त्या मॉड्यूलचा कणा. मॉड्यूल मोठे झाले, कारण काम मोठे होते. या मोठेपणालाच कंटाळून २००३ मध्ये सायमन कझन्स यांनी ईमेल-सिंपल लिहिले आणि त्याभोवती पर्ल ईमेल प्रकल्प जमला. जुनी मॉड्यूले गुंतागुंतीची आणि चुकांनी भरलेली झाली आहेत, तेव्हा प्रत्येक कामाला एक लहान, नेमके मॉड्यूल असावे, ही त्यांची उघड भूमिका होती. हेडर वाचायला ईमेल-सिंपल, खणांना ईमेल-माइम, पाठवायला ईमेल-सेंड. पुढे ईमेल-सेंडची रचना कमी पडली, तेव्हा ईमेल-सेंडर आले आणि ईमेल-सेंडच्या माहितीपानावर ‘आता हे वापरू नका’ असे लिहिले गेले. पसारा आवरायला निघालेल्या प्रकल्पातही दोन मॉड्यूले एकमेकांवर आलीच. मी याला अपयश मानत नाही. दहा वर्षांच्या वापरातून जे कळते ते पहिल्या दिवशी कागदावर कळत नाही.

४. ‘एकच करा की!’

आपल्या स्वयंपाकघरात विळी असते, सुरी असते, किसणी असते, अडकित्ता असतो. चारही कापतात. त्यांचे एकच अवजार करा, असे कुणी म्हणत नाही. नारळ खवायचा तर विळीच लागते आणि सुपारीला अडकित्ताच. मॉड्यूलांबद्दलही इतकेच म्हणून थांबता आले असते, पण त्यावर एक वजनदार आक्षेप आहे. पायथन भाषेने तर एकच केले, असे लोक म्हणतात. पायथनबरोबरच ईमेलची लायब्ररी येते, शोधाशोध करावी लागत नाही. मग पर्लला का जमले नाही?

पायथनची गोष्ट नीट बघावी. तिच्यातही सुरुवातीला याच कामाचे तुकडे विखुरलेले होते: एक मॉड्यूल जुन्या हेडरसाठी, दुसरे माइमच्या साधनांसाठी, तिसरे माइम लिहिण्यासाठी, चौथे खणांच्या फाइली वाचण्यासाठी. २००१ मध्ये पायथन २.२ बरोबर त्यांची जागा घेणारे ईमेल पॅकेज आले. जुने तुकडे मात्र २००८ मध्ये पायथन ३.० आल्यावरच निघाले. सात वर्षे नवे आणि जुने शेजारी शेजारी नांदले. ३.० मध्ये अक्षरे आणि बाइट यांची काटेकोर फारकत झाली आणि ईमेल पॅकेज अडखळले, कारण ईमेल म्हणजे बाइटांत गुंडाळलेली अक्षरेच. ते दुखणे ३.२ पर्यंत निस्तरावे लागले. पुढे त्याच पॅकेजात नव्या पद्धतीची मांडणी आली, ती २०१६ मध्ये ३.६ ला पक्की झाली. पण जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून जुनी वागणूकही ठेवली, आणि वेगळे काही सांगितले नाही तर आजही अनेक ठिकाणी तीच लागू होते. म्हणजे दार एक, पण आत दोन खोल्या. पर्लमध्ये जे दोन नावांनी दिसते, ते इथे एका नावाखाली राहते. याचा फायदा नक्की आहे: नवख्याला पत्ता एकच सांगता येतो. पण पसारा नाहीसा झाला, असे म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप नेमका उलट बाजूने येतो. अनेक लायब्रऱ्या असाव्यातच, एकीत भोक पडले तर दुसऱ्या वाचतील, असे काहींचे म्हणणे. शेतात एकच वाण लावू नये, तसे. ऐकायला पटते, पण डिसेंबर २०१६ मध्ये पीएचपी भाषेत काय झाले ते पाहा. पीएचपी-मेलर, स्विफ्ट-मेलर आणि झेंड-मेल या तीन वेगळ्या लायब्रऱ्यांत एकाच जातीचे भोक सापडले. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात अवतरणचिन्हे चतुराईने घातली, तर तो पत्ता सर्व्हरवरच्या टपाल पाठवणाऱ्या प्रोग्रामला जास्तीची आज्ञा म्हणून पोचत होता. तिघींचे लेखक वेगळे होते, पण तिघी भाषेच्या त्याच एका फंक्शनवर टेकलेल्या होत्या. वाण तीन दिसत होते, विहीर एकच होती. तेव्हा वेगवेगळ्या लायब्रऱ्यांना केवळ संख्येसाठी विमा मानू नये. खाली काय सामाईक आहे ते बघितल्याशिवाय ती खात्री पोकळ आहे.

५. सैल पात्याची विळी

खरे नुकसान कुठे होते ते ईमेलच्या पत्त्यात दिसते. पत्ता बरोबर आहे का हे तपासणे सोपे वाटते: नाव, मध्ये ॲटचे चिन्ह, मग संस्थळाचे नाव. प्रत्यक्षात १९८२ च्या नियमाने पत्त्यात अवतरणातले शब्द चालतात, कंसातल्या टिपा चालतात, टिपेत टीप चालते. हे सगळे एका नमुन्यात पकडायचा मोह पर्लवाल्यांना फार झाला. अक्षरांची रांग एखाद्या साच्यात बसते का हे सांगणाऱ्या सूत्राला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात आणि पर्ल त्यासाठीच नावाजलेली. पत्त्याच्या अशा सूत्रांची लांबी काही हजार अक्षरांवर गेली.

अशा सूत्रात एक सापळा असतो. समजा, एक चिन्ह दोन प्रकारे साच्यात बसू शकते. पहिला प्रकार जमला नाही की यंत्र मागे येते आणि दुसरा करून बघते. एका चिन्हाला दोन वाटा, दोन चिन्हांना चार, तीनला आठ. दहा चिन्हांना १,०२४, ते क्षणात होते. वीस चिन्हांना दहा लाखांहून अधिक. तीस चिन्हांना १०७ कोटींहून अधिक. कुणी मुद्दाम असा पत्ता पाठवला, की जो कधी बसणारच नाही पण बसेलसा वाटतो, तर सर्व्हर सगळ्या वाटा धुंडाळत बसतो आणि बाकीचे काम खोळंबते. पर्लच्या ईमेल-ॲड्रेस या मॉड्यूलमध्ये असा दोष २०१४, २०१५ आणि २०१८ अशा तीन वर्षांत जाहीर नोंदला गेला. २०१८ च्या नोंदीत सर्व्हरला अडकवायला पुरलेली चिन्हे होती तीस.

यावर उत्तर म्हणून जे आले ते आणखी एक मॉड्यूल: ईमेल-ॲड्रेस-एक्सएस. सूत्राचा नाद सोडून त्याने डव्हकॉट या टपाल-सर्व्हरमधला, सी भाषेत लिहिलेला, पत्ता एका वाटेने पुढे वाचत जाणारा भाग घेतला आणि बाहेरून मात्र जुन्या मॉड्यूलसारखेच हात-पाय ठेवले. ‘आधीच इतकी आहेत, आता आणखी कशाला?’ हा प्रश्न याला विचारणे अन्यायाचे होईल. एकमेकांवर येणे इथे दुरुस्तीच होती. पण जुने मॉड्यूल कोठारात आहेच, त्याचे नाव आखूड आणि सहज सुचणारे आहे, जुन्या पुस्तकांत आणि जुन्या प्रोग्रामांत तेच छापलेले आहे. सैल पात्याची विळी फडताळात पुढे आणि नवी मागे असली, तर पाहुणा पुढचीच उचलतो. त्याचा हात कापला तर दोष विळ्या दोन असण्याचा नाही. पाते सैल आहे हे पुढच्या विळीवर बघताक्षणी दिसायला हवे होते.

६. पाटी

जुने काढूनच का टाकत नाहीत? कारण ते कुठे कुठे लागले आहे ते कुणालाच मोजता येत नाही. एखाद्या कार्यालयात दहा वर्षे रोज रात्री हिशेबाचा ईमेल पाठवणारी वीस ओळींची स्क्रिप्ट असते. तिचा लेखक केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. कोठारातून मॉड्यूल उचलले तर ती स्क्रिप्ट नव्या संगणकावर चढवण्याच्या दिवशी मरते. म्हणून सांभाळणाऱ्यापुढे एकच प्रामाणिक उपाय उरतो. मॉड्यूल ठेवायचे, आणि त्याच्या माहितीपानावर सर्वांत वर लिहायचे की हे घेऊ नका, त्याऐवजी अमुक घ्या. माइम-लाइटच्या पानावर सुरुवातीलाच ‘थांबा’ असे सांगून, सध्या ते सांभाळणाराच त्याची शिफारस करत नाही हे लिहिले आहे आणि पुढे पर्यायांची नावे दिली आहेत. मेल-सेंडर या पर्लच्याच आणखी एका मॉड्यूलनेही हेच केले. पीएचपीतील स्विफ्ट-मेलरच्या सांभाळणाऱ्यांनी तर तारीख जाहीर केली, नोव्हेंबर २०२१ अखेर देखभाल बंद, पुढे सिंफनी-मेलर वापरा. ज्या कामात आपली वर्षे गेली, लोक अजूनही ज्याबद्दल आभार मानतात, त्यावर स्वतःच्या हाताने ‘हे वापरू नका’ लिहायला धैर्य लागते. या लोकांबद्दल मला नवे मॉड्यूल काढणाऱ्यांइतकाच आदर वाटतो.

जिथे पाटी लावता येत नाही, कारण दोन्ही मॉड्यूले जिवंत आणि उपयोगी आहेत, तिथे पूल बांधता येतो. पर्लमधल्या ईमेल-ॲब्स्ट्रॅक्टने तेच केले. मेल-टूल्सचा ईमेल असो, माइम-टूल्सचा, मेल-बॉक्सचा की ईमेल-सिंपलचा, त्याच्या हाती दिला की विषय काढणे, हेडर बदलणे, एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणे एकाच रीतीने होते. ईमेल-सेंडर आतून याच पुलावरून जातो, म्हणून त्याला ईमेल कुणी घडवला याची पंचाईत नसते.

हा प्रश्न जुना होऊन संपणारा नाही, कारण ईमेल अजून बदलतो आहे. २०१२ मध्ये आरएफसी ६५३१ ने खुद्द पत्त्यात देवनागरीसारख्या लिप्यांना वाट करून दिली. विषयाच्या ओळीसारखी पुडी बांधायची गरज नाही, अक्षरे थेट. २०१४ मध्ये ‘.भारत’ हे संस्थळनाम सुरू झाले आणि ज्या भाषांसाठी ते आहे त्यांत मराठी आणि कोंकणी दोन्ही आहेत. आता देवनागरीतला पत्ता एखाद्या जुन्या, अजूनही चालणाऱ्या मॉड्यूलला देऊन बघा. पहिल्याच अक्षराचा पहिला बाइट २२४ निघतो. मॉड्यूलला ठाऊक असलेली यादी १२७ वर संपते. ते पत्ता चुकीचा ठरवते आणि अर्ज भरणाऱ्याला लाल अक्षरांत तसे सांगते. मॉड्यूलने आपल्या काळचा नियम बरोबर पाळलेला असतो. तो कुठल्या सालचा आहे, हे मात्र त्याच्या पानावर बहुधा कुठेच लिहिलेले नसते.